कान टोचताय? मग आधीचं आणि नंतरचं सगळं नीट समजून घ्या

कान टोचणं हे काही सेकंदांचं काम, आणि सगळ्यांची भीती आणि सगळे प्रश्न त्या काही सेकंदांबद्दलच असतात. दुखेल का, रक्त येईल का, सुई बरी की गन. तर कानाच्या पाळीला टोचताना कचकन एक चमक येते, मग कान गरम होतो, थोडा वेळ ठणकतो आणि रात्रीपर्यंत बऱ्यापैकी शांत होतो, त्यामुळे त्याची फार धास्ती घ्यायची गरज नाही. घोळ होतात ते पुढच्या आठवड्यांत, आणि बरेचदा ते दुर्लक्षामुळे नाही तर अति काळजीमुळे होतात. सारखं फिरवून बघायचं, दिवसातून चारदा स्पिरिट लावायचं, एकाने सांगितलं म्हणून हे मलम आणि दुसऱ्याने सांगितलं म्हणून ते तेल. माझं सरळ मत आहे की नव्या टोचलेल्या कानाच्या जितकं कमी मागे लागाल तितकं बरं, पण हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही, आत काय चाललेलं असतं ते कळलं की पटतं.

टोचलं की कानातून आरपार एक जखम होते आणि त्या जखमेत लगेच एक दांडी बसते. साधी जखम असती तर दोन्ही कडा जुळून बंद झाली असती. इथे मध्ये दांडी आहे, कडा जुळूच शकत नाहीत, मग शरीर वेगळा मार्ग काढतं. पुढची आणि मागची कातडी दांडीच्या कडेकडेने आत सरकायला लागते आणि हळूहळू मधोमध येऊन मिळते. बोगद्याला दोन्ही तोंडांकडून अस्तर लावत यावं आणि काम मध्ये येऊन भिडावं, तसं. ते पूर्ण झालं की आतून कातडीची एक नळी तयार होते आणि तेच तुमचं पक्कं भोक.

आता यातूनच पुढचे सगळे नियम निघतात. एक म्हणजे बाहेरची बाजू आधी बरी होते, मधला भाग सगळ्यात शेवटी, म्हणून तिसऱ्या आठवड्यात कान दिसायला एकदम छान असतो आणि आपल्याला वाटतं झालं, आता बदलूया कानातलं, आणि काढताना आतलं कोवळं अस्तर खरवडलं जातं की परत लालेलाल. दुसरं म्हणजे दांडी जितकी हलेल तितकं ते अस्तर फाटणार. आणि तिसरं, ही जखम आतून ओलसर असते, तिच्यातून पातळ चिकट लस येत राहते, ती बाहेर येऊन वाळते आणि दांडीच्या भोवती पांढरट-पिवळसर खपली धरते. ही खपली म्हणजे पू नाही. बऱ्याच लोकांची पहिली घाबरगुंडी इथेच उडते.

पाळी वेगळी आणि वरचा कान वेगळा

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते. कानाची पाळी मऊ असते, तिच्यात चरबी असते आणि रक्तपुरवठा चांगला असतो. ती साधारण 6 ते 8 आठवड्यांत बरी होते. पाळी सोडून वरचा जो कडक पण लवचिक भाग आहे, ज्याला आपण मऊ हाड म्हणतो, ती कूर्चा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्यातून झिरपून जे काय पोषण मिळेल त्यावर ती जगते. म्हणून वरचं भोक भरायला 6 महिने ते वर्षभर लागू शकतं, आणि म्हणूनच तिथे इन्फेक्शन झालं तर शरीराची फौजही उशिरा पोचते आणि औषधही. त्या आवरणात पू साठला तर खालच्या कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते, आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. या दुखण्याला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात आणि त्यामागे बरेचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, ज्याला पाणी आणि ओलावा फार आवडतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. 2000 साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्या लोकांमध्ये हे इन्फेक्शन पसरलं होतं, तपास केला तर जंतू सापडले ते चक्क जंतुनाशकाच्या स्प्रेच्या बाटलीत. म्हणजे ज्या औषधाने कान पुसला तेच दूषित. पाळी टोचणं आणि वरचा कान टोचणं या एकाच प्रकारच्या गोष्टी नाहीत हे डोक्यात ठेवूनच जागा निवडा.

टोचायच्या आधी

आधी तब्येतीचं बघा. डायबेटिस आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हृदयाच्या झडपेचा त्रास आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, गरोदर आहात, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. पूर्वी कुठल्याही जखमेवर किंवा ऑपरेशनच्या व्रणावर जाड, वाढत जाणारी गाठ आली असेल, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाला तसं झालं असेल, तर तुम्हालाही केलॉइड होण्याची शक्यता जास्त, आणि ते एकदा झालं की काढायला फार त्रासदायक, कापून काढलं तरी परत येऊ शकतं. अशा लोकांनी खरंच दोनदा विचार करावा. धनुर्वाताची लस झालेली आहे ना तेही बघून घ्या.

लहान मुलांबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हीत दम आहे. बाळाचा हात कानाकडे कमी जातो, मोठी माणसं काळजी घेतात, म्हणून लवकर टोचलेलं बरं असं एक मत. दुसरं मत अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचं, की मूल स्वतःच्या कानाची काळजी स्वतः घेण्याइतकं मोठं होईपर्यंत थांबा. बाळाचे टोचायचेच असतील तर निदान धनुर्वाताच्या लसीचे पहिले डोस होऊ द्या, आणि पट्कन निघून तोंडात जाईल असं कानातलं घालू नका, ते घशात अडकण्याची भीती असते.

मग वेळ बघा. पुढच्या महिन्यात पोहायला जायचंय, रोज हेल्मेट घालायचंय, कानावर आदळआपट होईल असा खेळ चालू आहे, तर पुढे ढकला. एका वेळी दोन्ही बाजूंचे वरचे कान टोचून घ्यायची हौस असते काहींना, मग रात्री झोपायचं कुठल्या कुशीवर हा प्रश्न पडतो आणि तो प्रश्न कित्येक महिने सुटत नाही. वरचं टोचायचं असेल तर एका बाजूचं आधी, ती बरी झाली की दुसरी.

गन की सुई? गन दिसते सोपी, पण ती काय करते तर टोचायच्या सुईपेक्षा बरीच बोथट कानातल्याची दांडीच स्प्रिंगच्या जोराने कानातून आरपार घुसवते. भोक पाडत नाही, जागा चिरडून वाट काढते. पाळीला हे एक वेळ चालून जातं, मऊ असते ती. कूर्चेला हा दणका नको. शिवाय बऱ्याच गनमध्ये प्लास्टिकचे भाग असतात, ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाहीत, म्हणजे दाबाखालच्या 121 अंशांच्या वाफेत निदान 15 मिनिटं ठेवून जे निर्जंतुक करतात ते होत नाही, वरवर पुसून पुढच्या माणसाला वापरतात. सुई पोकळ असते, धारदार असते, स्वच्छ काप देते आणि एकदा वापरून फेकून देतात. वरच्या कानाला फक्त सुई, यात मी तरी तडजोड करणार नाही.

जागा कशी ओळखायची? बघा, सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडली जाते का, माणूस हात धुऊन नवे ग्लोव्हज घालतो का, आणि ग्लोव्हज घातल्यावर त्याच हाताने फोन उचलला तर बदलतो का. ही शेवटची गोष्ट बघाच. आणि प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याकडून टोचून घेऊ नका.

आता धातू. नव्या भोकात पहिलं कानातलं स्वस्तातलं नको, कारण ते पुढचे काही आठवडे उघड्या जखमेत बसणार आहे. सगळ्यात जास्त त्रास देतो तो निकेल. निकेलची अॅलर्जी कधीकधी कान टोचण्यामुळेच सुरू होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, मग घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण सगळ्यानेच खाज. युरोपियन युनियनमध्ये तर नियमच आहे की टोचलेल्या भोकात जाणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. सगळ्यात बिनधास्त पर्याय म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा एफ-136 हा त्याचा दर्जा, तो विचारून घ्या. नायोबियम आणि प्लॅटिनमही चालतं. सोनं चालतं, पण 14 कॅरेट किंवा वरचं, भरीव, आणि त्यातली भेसळ निकेलची नाही हे विचारून, कारण पांढऱ्या सोन्यात कधीकधी निकेल असतं. नुसता सोन्याचा मुलामा असेल तर तो झिजतो आणि खालचा धातू जखमेला लागतो. सर्जिकल स्टील हा शब्द ऐकायला भारी आहे पण त्यातही निकेल असतं, बहुतेकांना त्रास होत नाही, अॅलर्जी असलेल्यांना होऊ शकतो. चांदी मात्र पहिल्यांदा नकोच, ती ओल्या जखमेत काळी पडते.

दांडीची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी दांडी बारीक: 20 गेज म्हणजे 0.8 मिमी, 18 म्हणजे 1 मिमी, 16 म्हणजे 1.2 मिमी. फार बारीक दांडी नव्या भोकात जास्त हलते आणि जड कानातलं असेल तर खाली कापत जाते. लांबीबद्दल लोक अजिबात विचार करत नाहीत. टोचल्यावर कान सुजतो, दोन-तीन दिवसांत पाळी चांगली जाड होते, आणि मागची फिरकी घट्ट आवळलेली असेल तर तिला जागाच उरत नाही. सकाळी उठून बघावं तर पुढचा खडा निम्मा कातडीत रुतलेला आणि मागची फिरकी दिसतच नाही, असं होतं, आणि मग ते डॉक्टरांनाच काढावं लागतं. म्हणून पहिली दांडी जरा लांब हवी, फिरकी सैल हवी, मागे-पुढे थोडी जागा दिसली पाहिजे. सपाट चकतीचं पाठचं टोक असेल तर फारच उत्तम, त्यात केस अडकत नाहीत आणि फुलपाखरासारख्या फिरकीच्या वळ्यांमध्ये जी घाण साठते ती साठत नाही. रिंग पहिल्यांदा नको, ती सारखी गोल फिरते.

त्या दिवशी काही खाऊन जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. केस धुऊन, वर बांधून जा. स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन घेऊ नका आणि आदल्या दिवशी दारू नको, रक्त जास्त वाहतं. खूण करताना सरळ बसा, आडवं पडून नाही, आणि आरशात बघून खात्री होईपर्यंत हो म्हणू नका. आपले दोन कान कधीच हुबेहूब नसतात, त्यामुळे मोजपट्टीने समान आलेली खूण डोळ्याला वाकडी दिसू शकते. पाळीच्या अगदी खालच्या कडेला खूण असेल तर वर घ्यायला सांगा, पुढे जड कानातल्याने ते भोक ओघळत ओघळत पाळी चिरू शकतं. दहा वेळा पुसून करायला लावलं तरी चालेल.

नंतरची काळजी, म्हणजे खरं तर हात न लावणं

लागणारं सामान एकच, निर्जंतुक सलाईन, 0.9 टक्क्यांचं, ज्यात पाणी आणि मीठ सोडून दुसरं काही नाही. स्प्रेमध्ये मिळालं तर सोयीचं. घरी मीठ-पाणी करायला हरकत वाटत नाही लोकांना, पण हात सढळ असतो. 0.9 टक्के म्हणजे अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, इतकंच, आणि लोक चांगलं दोन चमचे टाकतात, मग कातडी कोरडी पडून भेगाळते आणि वाटतं इन्फेक्शन झालं. त्यात ते पाणीही निर्जंतुक राहत नाही, म्हणून तयार आणलेलं बरं.

दिवसातून दोनदा, बस. आधी हात साबणाने धुवा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं. मग सलाईन पुढून आणि मागून मारा आणि मिनिटभर नुसतं थांबा. खपली आधी पांढरी होते, मग मऊ लगदा होतो, मग तिची ती सुटते. जी सुटली ती गॉजच्या घडीने अलगद टिपून घ्या, जी नाही सुटली ती उद्या सुटेल. नखाने नाही. कापूसही नको, त्याचे तंतू दांडीला गुंडाळले जातात आणि तिथेच राहतात. आंघोळीत पाणी वरून वाहू दे, शाम्पू लागला तर धुऊन टाका. शेवटी जागा कोरडी करा, कारण सतत ओली राहिलेली जखम चिघळते. केसांना फडफडणारा टॉवेल मात्र जपून, दांडीला टॉवेलचा धागा अडकून बसलेला हिसका विसरता येत नाही.

फिरवायचं की नाही यावरून घराघरात वाद होतात. जुन्या सूचनांमध्ये रोज फिरवा असं असायचं, काही ठिकाणी अजूनही सांगतात, कारण भीती अशी की कातडी कानातल्याला चिकटेल. पण कातडी धातूला चिकटत नाही, चिकटते ती वाळलेली लस. ती तशीच कडक असताना फिरवली तर खपलीच्या कडा आत ओढल्या जाऊन कोवळ्या अस्तरावर घासतात, वर बाहेरची घाणही आत जाते. व्यावसायिक टोचणारे आता स्पष्ट सांगतात की फिरवू नका, आणि आत काय चाललंय हे कळल्यावर मला तेच पटतं.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात, म्हणून रोज नको. अँटिबायोटिक मलमाचा थर हवा अडवतो, आणि काही मलमांतल्या औषधांची स्वतःचीच अॅलर्जी असते. डॉक्टरांनी दिलं तर गोष्ट वेगळी. तेलं, लेप, पावडरी, सगळं लांब ठेवा. पोहणं, टबात डुंबणं नको, कानाची पाळी टोचली असेल तर निदान ती बरी होईपर्यंत. हेअर स्प्रे मारताना, केस रंगवताना कान झाका. फोन दुसऱ्या कानाला लावा. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि त्या कुशीवर झोपायची सवय सुटतच नसेल तर प्रवासात मानेला लावायची गोल उशी घ्या, तिच्या मधल्या पोकळीत कान ठेवून झोपायचं, वर दाब येत नाही. वरच्या कानाच्या बऱ्याच तक्रारी झोपेतल्या दाबामुळे असतात, दाबाने भोकाचा कोनसुद्धा बदलतो.

काय चालतं, काय चालत नाही

पहिले काही दिवस थोडी सूज, लाली, हलका ठणका, पुढे बरेच दिवस खपली आणि मधूनमधून खाज, हे सगळं चालतं. वरचा कान तर मध्येच दोन महिने शांत राहून एखाद्या दिवशी परत लाल होतो, बहुतेक वेळा रात्री त्यावर झोपलेलं असतं किंवा कंगवा अडकलेला असतो.

भोकाच्या शेजारी छोटासा लाल, ओलसर फोड किंवा गुठळी आली की लगेच केलॉइड म्हणून रडायला बसू नका. बहुतेकदा ती चिडचिडीमुळे आलेली गुठळी असते, कारण शोधा: दांडी लांब आहे, धातू नीट नाही, त्या कुशीवर झोपताय, सारखं हात लावताय. कारण गेलं की ती काही आठवड्यांत बसते. केलॉइड वेगळं, ते सहसा महिन्यांनी येतं, टणक असतं आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढत जातं. त्याला त्वचेच्या डॉक्टरकडेच जायचं. गुठळी फोडायची, जाळायची, अॅस्पिरिन वाटून लावायची, असले प्रयोग करू नका.

खूप खाज, कोरडी पुरळ, दांडी जिथे जिथे लागते तिथे तिथे लाल, पण फार दुखत नाही, तर संशय धातूवर घ्या. आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी रोज वाढतंय, कान गरम आणि टरटरलेला, लाली पसरतेय, घट्ट पिवळा-हिरवा पू, वास, ताप, तर ते इन्फेक्शन, डॉक्टर गाठा. वरचा कान लाल आणि सुजलेला, हात लावू देत नाही, पण खालची पाळी मात्र नॉर्मल दिसतेय, तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका, कारण हे पेरिकॉन्ड्रायटिसचं ठळक लक्षण आहे आणि त्याला नेहमीची कुठलीही अँटिबायोटिक चालत नाही, स्यूडोमोनासला लागू पडेल अशीच लागते. इन्फेक्शन दिसलं की घाबरून कानातलं उपटून टाकू नका, वरून भोक मिटलं तर पू आतच कोंडला जाऊ शकतो. काढायचं की ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील.

बदलायचं कधी

पाळीचं निदान 6 आठवड्यांनी, 8 झाले तर आणखी बरं, आणि तेव्हाही दुखत नसेल, लस येत नसेल तरच. वरच्या कानाला मधल्या टप्प्यात एक काम असतं, साधारण महिना-दोन महिन्यांनी सूज उतरली की सुरुवातीची लांब दांडी बदलून आखूड बसवायची, नाहीतर ती डुलत राहते आणि भोक तिरकं होतं. हे स्वतः करू नका, टोचलेल्या जागीच जाऊन करून घ्या. स्टाईल म्हणून बदलायला मात्र सगळं बरं होईपर्यंत थांबावंच लागतं.

पहिल्यांदा बदलताना हात धुवा, नवीन कानातलंही स्वच्छ करा, आणि आरशासमोर निवांत वेळ काढून करा, घाईत बाहेर निघताना नाही. दांडी अडली तर जोर लावू नका, पाळी किंचित खाली ताणली की भोक सरळ होतं आणि ती आपोआप जाते. लोंबणारी जड कानातली आणखी काही महिने नकोत. रात्रभर मोकळं ठेवायचा मोहही नको, कारण नवं भोक काही तासांतसुद्धा आकसायला लागतं आणि सकाळी दांडी जाईनाशी होते. वर्षानुवर्षं जुन्या भोकाचं तसं नसतं, काहींचं कायम उघडं राहतं, काहींचं महिन्याभरात बारीक होतं, ज्याच्या त्याच्या कातडीवर आहे. आणि बरं झालेल्या भोकातून कानातलं काढल्यावर जो पांढरट, आंबूस वासाचा मळ येतो ना, तो फक्त मेलेली कातडी आणि तेलकटपणा आहे, कोमट पाण्याने कान आणि कानातलं दोन्ही धुऊन परत घाला.